संगणकावरची आकाशवाणी : कानात नको, ओसरीवर ऐका

दिवेलागण झालेली आहे. गोठ्यात वैरण टाकून झाली, धारा निघाल्या, दूध डेअरीवर गेले. आत भाकरी थापल्याचा आवाज येतो आहे आणि ओसरीवर म्हातारबाबांनी खुंटीला टांगलेला, कातडी पिशवीतला ट्रान्झिस्टर खाली उतरवला आहे. काटा हळूच फिरवायचा. खरखर आली की सबंध यंत्रच थोडे पूर्वेला, थोडे दक्षिणेला वळवून पाहायचे. एकदाचे पुणे केंद्र लागले की पोराटोरांनी गप्प बसायचे. ज्याच्या घरी रेडिओ नाही असा शेजारी पायरीवर येऊन टेकायचा. त्याच्यापुढेही चहाचा कप यायचा.

वाचकहो, जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात तुमचे बालपण गेले असेल, तर हे चित्र तुम्हाला नव्याने सांगायला नको. पुणे आकाशवाणी सुरू झाली २ ऑक्टोबर १९५३ रोजी. पुढे दीड वर्षाने, १९५५ च्या रामनवमीपासून, याच केंद्रावरून गदिमांचे आणि सुधीर फडक्यांचे ‘गीतरामायण’ दर आठवड्याला एक गीत असे वर्षभर चालले. छप्पन गीते झाली. त्या वेळी एका रेडिओभोवती सगळी आळी जमत असे, हे आजही घरोघरचे वडीलधारे सांगतात.

आज त्या खुंटीला काय आहे? बहुतेक घरांत तिथे मोबाइलचा चार्जर लोंबतो. ट्रान्झिस्टर फडताळात पडून आहे. तो बिघडला तर दुरुस्त करून देणारा कारागीर बाजारच्या गावातही शोधावा लागतो. ‘आता रेडिओ कोण ऐकतो,’ असे आपण म्हणतो आणि विषय संपवतो.

पण मंडळी, रेडिओ संपलेला नाही. त्याने वाट बदलली आहे. मुलीच्या कॉलेजसाठी किंवा मुलाच्या नोकरीसाठी घरात जो संगणक आला, त्याच संगणकावर आज आकाशवाणी ऐकता येते. तीही साठवून ठेवलेली नव्हे, तर पुण्याच्या केंद्रात निवेदक या घटकेला जे बोलतो आहे तेच. हे कसे ऐकावे, त्याला खर्च किती येतो, आणि मुख्य म्हणजे ते कसे ऐकू नये, एवढ्याच तीन गोष्टी आज आपण पाहू.

डोंगर आडवा येतो तेव्हा

आपल्या दोन्ही तालुक्यांची ठेवण तुम्हाला ठाऊकच आहे. पूर्वेला नारायणगाव, मंचरकडचा सपाट, बागायती भाग. पश्चिमेला सह्याद्री. नाणेघाट, माळशेज, आहुपे, भीमाशंकर हा सगळा उंच डोंगरांचा आणि खोल खोऱ्यांचा मुलूख. रेडिओच्या दृष्टीने ही ठेवण मोठी अडचणीची आहे.

एफ. एम. केंद्राची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. मधे डोंगर आला की ती अडते. म्हणून टेकडीच्या माथ्यावर लख्ख ऐकू येणारे केंद्र खाली वाडीत उतरले की नाहीसे होते. मध्यम लहरींचे तसे नाही. त्या जमिनीला धरून लांबवर पोहोचतात आणि डोंगराला वळसाही घालतात. पण दिवसा त्यांचीही मजल ठरलेली असते. रात्री त्या आकाशातल्या उंच थरांवरून परतून भलतीकडेच उतरतात. म्हणून रात्री आपल्या केंद्रात दुसऱ्याच कुठल्या तरी राज्याचे केंद्र मिसळते.

संगणकावरच्या रेडिओला ही अडचण नाही. तो आवाज मनोऱ्यावरून थेट तुमच्या घरी येत नाही. तो इंटरनेटच्या जाळ्यातून येतो. इंटरनेट जिथे पोहोचले, तिथे पुणे काय, नाशिक काय, कोल्हापूर काय, सारी केंद्रे सारखीच जवळ. आळेफाट्याच्या कांदेवाल्याला नाशिक केंद्र ऐकायचे असेल, तर एरवी त्याला नशिबावर विसंबावे लागे. आता बोट दाबले की झाले.

याचा दुसराही एक उपयोग आहे, आणि तो हिशेबात मांडता येणारा नाही. आपल्या भागातली कितीतरी माणसे मुंबईला आहेत. मुंबईच्या डबेवाल्यांचीच गोष्ट घ्या. त्यांतले पुष्कळसे मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतले आहेत. कोणाचा मुलगा वाशीच्या बाजारात आहे, कोणाची लेक ठाण्याला दिलेली आहे, कोणाचा भाचा परदेशात जाऊन पोहोचला आहे. ही माणसे तिकडे बसून पुणे केंद्र ऐकू शकतात. इकडे आईच्या स्वयंपाकघरात जो अभंग चालू आहे, तोच त्याच वेळी तिकडे लेकीच्या स्वयंपाकघरातही. फोनवर बोलायला रोज नवा विषय कुठून आणायचा? ‘ऐकलंस का गं आज सकाळी?’ एवढे विचारले तरी बोलणे सुरू होते.

आवाज येतो तरी कसा?

आता तुम्ही म्हणाल, तारेतून आवाज येतो हे टेलिफोनमुळे कळले. पण हे प्रकरण काय? ते फार अवघड नाही.

निवेदकाचा आवाज केंद्रात आकड्यांच्या रूपात बदलला जातो. त्या आकड्यांची लहान लहान पुडकी बांधतात. प्रत्येक पुडक्यावर क्रमांक आणि ज्या घरी जायचे तिथला पत्ता. ही पुडकी जाळ्यातून धावत तुमच्या संगणकापर्यंत येतात. तो ती क्रमाने लावतो आणि त्यांचा पुन्हा आवाज करतो. रस्त्यात एखादे पुडके रेंगाळले तर बोलणे मधेच तुटेल. म्हणून संगणक सुरुवातीची काही पुडकी साठवून ठेवतो आणि मगच आवाज सोडतो.

हे तुमच्या शेतातल्या हौदासारखे आहे. मोटरचे पाणी कमीजास्त येते, म्हणून ते आधी हौदात घेतो आणि तिथून पाटाला सोडतो. हौदात पाणी आहे तोवर पाट अखंड वाहतो. हौद रिकामा झाला की पाट थांबतो. संगणकाच्या पडद्यावर मधेच ते गोल चक्र फिरू लागते आणि आवाज बंद होतो ना, तेव्हा त्याचा हौद आटलेला असतो. घाबरून दहा ठिकाणी बोटे दाबू नका. थोडे थांबा. नाहीच आला आवाज तर एकदा बंद करून पुन्हा लावा.

या हौदामुळे एक गोष्ट होते. संगणकावरचा ‘थेट’ आवाज खऱ्या वेळेपेक्षा थोडा मागे असतो. कधी काही सेकंद, कधी मिनिटभरसुद्धा. म्हणून संगणकावर ऐकून घड्याळ लावू नका. थेट कार्यक्रमात फोन करून प्रश्न विचारायचा असेल, तर आधी संगणकाचा आवाज बंद करा. नाहीतर तुमचे स्वतःचेच बोलणे मागाहून ऐकू येईल आणि पुढे काय विचारायचे ते विसरून जाल.

आणखी एक फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मनोऱ्यावरून निघालेली लहर पावसासारखी असते. दहा जणांनी झेलली काय, लाख जणांनी झेलली काय, ढगाला त्याचे काही नाही. संगणकावरचा रेडिओ नळाच्या पाण्यासारखा आहे. प्रत्येक घराला वेगळी तोटी आणि वेगळी धार. एकाच वेळी फार जणांनी तोट्या सोडल्या की दाब कमी होतो. हा फरक पुढे पावसाळ्याच्या गोष्टीत कामाला येईल.

ही विद्या काही फार जुनी नाही. अमेरिकेत चॅपेल हिल या विद्यापीठाच्या गावातल्या विद्यार्थ्यांच्या एका रेडिओ केंद्राने ७ नोव्हेंबर १९९४ रोजी आपला कार्यक्रम इंटरनेटवर सोडला. रेडिओ केंद्राचे असे थेट प्रसारण करणाऱ्यांत ते पहिल्यांपैकी मानले जाते. आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. म्हणजे एका पिढीचीच ही सगळी वाटचाल.

लावायचे कसे? खर्च किती?

लावणे सोपे आहे. संगणक सुरू करा. इंटरनेट उघडा. शोधायच्या चौकटीत ‘आकाशवाणी पुणे लाइव्ह’ असे मराठीत लिहिले तरी चालते. आकाशवाणीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर देशभरच्या केंद्रांची यादी आहे. त्यांत दोनशेहून अधिक केंद्रे थेट ऐकता येतात. महाराष्ट्राच्या यादीत पुणे शोधा आणि त्यापुढच्या त्रिकोणी खुणेवर बोट दाबा. मोबाइलवर ऐकायचे तर ‘न्यूज ऑन एआयआर’ नावाचे आकाशवाणीचे ॲप आहे. प्रसारभारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ नावाचे जे ॲप काढले, त्यावरही रेडिओ आहे. यांपैकी कशावरही रेडिओ ऐकायला पैसे पडत नाहीत. कोणी ‘रेडिओ चालू करायला आधी बँकेचा क्रमांक द्या’ म्हणाले, तर तो माणूस रेडिओवाला नव्हे, भामटा समजा.

एकदा पान उघडून दिले की पुढे फार काही करावे लागत नाही. नातवाला सांगा, ‘बाळा, ते पान आजीला एका बोटात सापडेल असे ठेवून दे.’ तो पडद्यावर खूण करून देईल. पडदा बंद करूनही आवाज चालू ठेवता येतो, म्हणजे वीज वाचते.

आता खर्चाचे. रेडिओला पूर्वी पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. आता परवाना नाही; पण इंटरनेटचा डेटा लागतो. साधारण बऱ्या आवाजाचे केंद्र सेकंदाला ६४ किलोबिट या वेगाने येते. त्याचा हिशेब केला तर तासाला सुमारे २९ एम. बी. डेटा जातो. रोज दोन तास ऐकले तर महिन्याला पावणेदोन जी. बी.च्या आसपास. आवाज याहून उंची असेल तर त्याच्या दुप्पट धरा. ज्यांना रोजचा एक-दीड जी. बी. मिळतो, त्यांना हे काहीच नाही. उलट सिनेमे आणि चित्रफिती पाहण्यात तासाला कित्येक शंभर एम. बी. जातात. तेव्हा घरात डेटा संपला म्हणून आरडाओरडा झाला, तर त्याचे खापर आजीच्या रेडिओवर फोडू नका.

शिवाय रेडिओ हाताला मोकळे ठेवतो. कांदा निवडताना, टोमॅटोचे क्रेट भरताना, शेंगा फोडताना डोळे पडद्याकडे लावून चालत नाही. कान मात्र मोकळे असतात. घरातल्या बायकांचे निम्मे काम असे हातांनी करायचे आणि कानांना उसंत असलेले असते. त्यांच्यासाठी हे यंत्र मोलाचे आहे. फक्त एक करा. संगणकाला शेदोनशे रुपयांचा का होईना, वेगळा स्पीकर जोडा. संगणकाचा स्वतःचा आवाज बारीक असतो. तो ओसरीवरून गोठ्यापर्यंत जात नाही.

कानात कोंबू नका

आता मुख्य मुद्द्याकडे वळू.

संगणकावर आणि मोबाइलवर रेडिओ आला, त्याबरोबर कानात घालायचे हेडफोनही आले. त्यामुळे झाले असे, की एका घरात पाच माणसे पाच ठिकाणी बसतात, पाच वेगळ्या गोष्टी ऐकतात आणि कोणाला कोणाची हाक ऐकू जात नाही. ज्या रेडिओने आळी जमवली होती, त्याच रेडिओने आता घर पांगवले. दोष यंत्राचा नाही. यंत्र तेच आहे. आपण ते ओसरीवरून उचलून कानात कोंबले.

आपल्या भागात ही नुसती घरोब्याची गोष्ट राहत नाही. ती जिवावर बेतू शकते. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात, आणि या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर किती आहे ते तुम्हाला कोणी सांगायला नको. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. रात्रीची वीज, रात्रीचे पाणी. उसाच्या कडेने दारे धरायला जायचेच असते. वनखात्याची माणसे वारंवार सांगतात : रात्री एकटे जाऊ नका, हातात काठी आणि बॅटरी ठेवा, मोठ्याने बोलत चला, नाहीतर मोबाइलवर गाणी मोठ्याने लावा. माणसाची चाहूल लागली की बिबट्या सहसा बाजूला होतो. वाकून किंवा बसून काम करणारा माणूस मात्र त्याला लहान जनावरासारखा दिसतो, तेव्हा अशा वेळी अधिक जपायचे.

आता विचार करा. हाच मोबाइल, हाच रेडिओ. उघड्यावर मोठ्याने लावला तर तो राखण करतो. कानात घातला तर बिबट्याला तुमची चाहूल लागत नाही आणि तुम्हाला उसातली सळसळ ऐकू येत नाही. कुत्रे भुंकले तरी कळत नाही. रस्त्याने जाताना मागून आलेल्या ट्रॅक्टरचा भोंगाही कळत नाही. तुमच्या घरात तरुण मुलगा असेल तर हे त्याला आजच सांगा. रागावून नको, समजावून सांगा. ‘शेतात जाताना रेडिओ लाव बाबा, पण साऱ्या शिवाराला ऐकू जाऊ दे.’

१९५६ सालचा एक धडा

एकत्र ऐकण्याचा फायदा किती होतो, हे आपल्याच भागात एकदा मोजून पाहिलेले आहे. ही गोष्ट आज फारशी कोणाला माहीत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

कॅनडा देशातल्या शेतकऱ्यांनी १९४१ पासून एक पद्धत सुरू केली होती. आठवड्याला ठरलेल्या वेळी शेजारी एका घरी जमत, रेडिओवरचा शेतीचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि पटेल ते करून पाहत. ही पद्धत भारतात चालेल का, हे पाहायचे युनेस्कोच्या मदतीने ठरले. त्यासाठी निवड झाली ती पुणे आकाशवाणीची. १९५६ साली तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांमध्ये श्रोत्यांची मंडळे उभी राहिली. त्यांत आपला पुणे जिल्हा होता. प्रत्येक मंडळात साधारण वीसेक माणसे. त्यांतला एक जण प्रमुख, एक जण टिपण ठेवणारा. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. असे वीस कार्यक्रम झाले. ऐकून झाले की रेडिओ बंद करायचा आणि बोलायचे. पडलेले प्रश्न लिहून पुण्याला पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे मिळायची.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ नावाच्या अभ्यासकाने याची पाहणी केली. त्यांनी कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना त्या विषयांवरचे प्रश्न विचारले. शिवाय तुलनेसाठी दुसरीही गावे घेतली. काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, काही गावांत रेडिओही नव्हता.

निकाल काय लागला? जिथे मंडळ होते, तिथल्या माणसांची माहिती चांगलीच वाढली. अक्षरओळख नसलेली माणसेही मागे राहिली नाहीत. जिथे रेडिओ होता पण बसून बोलणे नव्हते, तिथे फारच थोडा फरक पडला. मंडळी, हे पुन्हा एकदा वाचा. यंत्र दोन्हीकडे होते, आवाजही तोच होता. फरक पडला तो चार माणसांनी एकत्र बसून बोलण्याने. १९५९ साली अशी मंडळे देशभर काढायला सुरुवात झाली. पुढे काळाच्या ओघात ती मागे पडली. पण त्या प्रयोगाने शिकवलेले शहाणपण शिळे झालेले नाही.

तुमच्या वाडीत काय करता येईल?

याला सरकारी हुकूम लागत नाही की निधी लागत नाही. आठवड्यातला एक वार ठरवा. ज्याच्या घरी संगणक आणि बरा स्पीकर आहे, त्याची ओसरी ठरवा. नाहीतर शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा संगणक आहेच. गुरुजींना, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारून पाहा. दहा-पंधरा माणसे पुरेत. पण त्यांत बायका असल्याच पाहिजेत. कांद्याची रोपे कोण लावते, गाभण गाईकडे कोण बघते, हे आपल्याला माहीत आहे. त्यांना स्वयंपाकघरात ठेवून शेतीची चर्चा करणे म्हणजे बैलाला दावणीला ठेवून नांगर ओढण्यासारखे आहे.

अर्धा तास ऐका आणि मग यंत्र बंद करा. हे बंद करणे महत्त्वाचे आहे. एकाने पुढील चार गोष्टी वहीत लिहाव्यात : आज काय सांगितले? ते आपल्या जमिनीला, आपल्या पाण्याला लागू आहे का? कोणी करून पाहिले आहे का? काय विचारायचे राहिले? पाऊसमान वेगळे, माती वेगळी. पश्चिमेकडच्या भाताच्या खाचराला जे लागू, ते नारायणगावच्या द्राक्षबागेला लागू नसते. हिरडा वेचणाऱ्या कुटुंबाचे प्रश्न आणखी निराळे. रेडिओवाला सगळ्या जिल्ह्यासाठी बोलतो. आपल्या बांधापुरते काय घ्यायचे ते आपणच ठरवायचे.

राहिलेले प्रश्न नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा, गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा, किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या विनामूल्य क्रमांकावर विचारा. औषधाचे नाव आणि मात्रा नुसती कानाने ऐकून कधीही फवारणी करू नका. ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ यांत ऐकण्याची चूक होऊ शकते आणि सबंध बाग जळू शकते. लिहून घ्या, विचारून खात्री करा, मगच पंपाला हात लावा. बाजारभावाचेही तसेच. रेडिओवरचा भाव दिशा दाखवतो. गाडी भरण्यापूर्वी नारायणगावचा किंवा मंचरचा त्या दिवसाचा भाव फोन करून विचारावा हे बरे.

मुलांना यात जरूर घ्या. संगणक लावायचे काम त्यांचे, वही लिहायचे काम त्यांचे. आजोबा सांगतील, नातू लिहील. एरवी या दोघांना एकत्र बसवणारे काम घरात उरले आहे कुठे?

पावसाळ्यात खुंटी रिकामी नको

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे.

३० जुलै २०१४ ची सकाळ आंबेगाव तालुका विसरलेला नाही. संततधार पावसात डोंगर खचला आणि माळीण गाव त्याखाली गेले. दीडशेच्या आसपास माणसे दगावली. बाहेरच्या जगाला ही गोष्ट कळली कशी? त्या रस्त्याने गेलेल्या एस.टी.च्या चालकाला नेहमीचे गाव जागेवर दिसले नाही. त्याने ते सांगितले, तेव्हा कळली. इतकी यंत्रे असताना निरोप नेला तो एका माणसाने. त्या दिवशी कुठल्या यंत्राने काय झाले असते, असे बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण डोंगराकडच्या गावांनी एवढे मात्र ओळखून असावे, की ज्या दिवशी बातमीची सर्वांत जास्त गरज असते, त्याच दिवशी संपर्क सर्वांत आधी तुटतो.

मघाची नळाची गोष्ट आठवा. संगणकावरचा रेडिओ चालायला तुमच्या घरी वीज हवी, मोबाइलच्या मनोऱ्याला वीज हवी, मधली तार शाबूत हवी. यांतली एक कडी तुटली की आवाज गेला. ट्रान्झिस्टरला दोन गोष्टी पुरतात : तिकडे केंद्र चालू असावे आणि इकडे सेल भरलेले असावेत. संगणक रोजच्यासाठी चांगला. ट्रान्झिस्टर संकटासाठी चांगला. गाय घेतली म्हणून बैल विकू नये, तसेच हे.

म्हणून मृग लागायच्या आत फडताळातला ट्रान्झिस्टर काढा. सेल राहून पाझरले असतील तर जागा पुसून घ्या. नवे सेल घाला, आणि जादाचे कोरड्या डब्यात ठेवा. मध्यम लहरींवर कोणते केंद्र तुमच्या घरी दिवसा लागते आणि कोणते रात्री, हे आताच पाहून काट्याजवळ पेनाने खूण करा. खरखर फार येत असेल तर यंत्राला दोष देण्याआधी जवळचा एल.ई.डी. दिवा, मोबाइलचा चार्जर आणि संगणक बंद करून पाहा. पुष्कळ वेळा खरखर त्यांचीच असते. यात नवल नाही. आपल्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ज्या तीस मोठ्या तबकड्या आकाशातल्या अतिमंद रेडिओ लहरी टिपायला उभ्या केल्या, त्या इथे येण्याचे एक कारण हेच होते, की शहरातल्या यंत्रांचा गोंगाट इथे कमी आणि भोवती डोंगरांचा आडोसा. ज्यांना दूरचे बारीक ऐकायचे आहे, त्यांनी जवळचा गोंगाट थांबवावा लागतो. मग त्या खोडदच्या तबकड्या असोत की ओसरीवरचे आपण.

तेव्हा वाचकहो, आज संध्याकाळी एवढे करा. संगणक ओसरीवर आणा. पुणे केंद्र लावा. कानातले काढून ठेवा आणि आत हाक द्या, ‘अगं, बाहेर या, बातम्या लागल्यात.’ शेजारचा कोणी पायरीवर येऊन टेकला तर त्याच्यापुढेही चहाचा कप ठेवा. आणि खुंटीवरचा चार्जर काढून तिथे तो जुना ट्रान्झिस्टर पुन्हा टांगा, सेल भरून. पावसाळ्यात कधी रात्री-अपरात्री वीज गेली आणि संगणक मुका झाला, तर अंधारातही हाताला सापडेल अशी त्याची जागा तीच.